पहिला अंक निघाला, दुसऱ्याला कागद मिळाला नाही

माणसाला गप्प करायचं तर दरवेळी त्याच्या तोंडावर हात दाबावा लागत नाही. त्याचा कागद अडवला तरी काम भागतं. आपल्याकडं हे नवीन नाही. १९२० साली बाबासाहेबांनी 'मूकनायक' काढला, तेव्हा 'केसरी'नं पैसे घेऊनसुद्धा त्याची जाहिरात छापायला नकार दिला होता. पण ही युक्ती काही फक्त पुण्याच्या वाड्यातली नव्हे. अमेरिकेतल्या काळ्या माणसावरही ती चालवली गेली, आणि तीही कशासाठी? तर पोराटोरांच्या चित्रांच्या पुस्तकासाठी. त्या पुस्तकाचा इतिहास आपल्या कार्यकर्त्यांनी वाचला पाहिजे. वाचून नुसता उसासा टाकायचा नाही, त्यातून हिशेब काढायचा.

१९४० च्या सुमाराला अमेरिकेत कॉमिक म्हणजे दहा सेंटचं पुस्तक. पोरं वाचायची, सैनिक वाचायचे, दर महिन्याला लाखोंनी खपायची. ज्याला शाळेचं पुस्तक जड जायचं तोसुद्धा हे वाचायचा. म्हणजे पाहा, गोऱ्या पोराच्या डोक्यात काळा माणूस कसा असतो हे चित्र शाळेच्या आधी या दहा सेंटनं भरवलं. आणि हा काळा माणूस कसा? जाड ओठ, बटबटीत डोळे, मोडकंतोडकं इंग्रजी. कधी नोकर, कधी भित्रा, कधी आफ्रिकेतला भाला घेतलेला रानटी. विल आयझनर हा मोठा चित्रकार, पण १९४० पासून चाललेल्या त्याच्या 'स्पिरिट'मध्ये एबनी नावाचा काळा पोरगा होता तो याच साच्यातला. फॉसेट कंपनीच्या 'कॅप्टन मार्व्हल'मध्ये स्टीमबोट नावाचा काळा नोकर होता, तोही तसाच.

१९४५ साली न्यूयॉर्कच्या शाळकरी मुलांचं एक शिष्टमंडळ फॉसेटच्या संपादकाकडं गेलं. हे चित्र आमच्या माणसांची बदनामी करतं, म्हणाली. मुलांनी तोंडावर सांगितलं आणि स्टीमबोटला रजा मिळाली. शाळकरी पोरांनी मिळवलेला विजय, लहान समजू नका. पण पुढं काय झालं? नोकर गेला म्हणून नायक आला नाही. जागा नुसती रिकामी झाली. दुसऱ्याच्या घरातली वाईट तसबीर उतरवायला लावता येते, तिथं आपली तसबीर लावायला तो घरवाला कशाला येईल?

ती तसबीर स्वतःच्या घरात लावायला निघाला ऑरिन क्रॉमवेल एव्हन्स. फिलाडेल्फियाचा काळा पत्रकार, जन्म १९०२. 'फिलाडेल्फिया रेकॉर्ड' या गोऱ्या मालकीच्या पेपरात तो बातमीदार होता. त्या काळात काळ्या माणसाला तिथं टेबल मिळणं हीच बातमी. युद्धाच्या वर्षांत त्यानं काळ्या सैनिकांना फौजेत मिळणाऱ्या वागणुकीवर लेखमाला लिहिली. १९४७ च्या सुरवातीला, कामगारांचा संप चालू असतानाच, मालकानं पेपर विकून टाकला. नोकरी गेली. एव्हन्स घरी रडत बसला नाही. त्याच पेपरातले दोनेक जुने सहकारी त्यानं गाठले, स्वतःची कंपनी काढली, आणि जून १९४७ ला अंक बाहेर आला. नाव 'ऑल-नीग्रो कॉमिक्स'. नीग्रो हा त्या काळचा शब्द, आणि एव्हन्सनं तो मान खाली घालून वापरला नाही, मथळ्यावर मोठ्या अक्षरांत छापला.

अठ्ठेचाळीस पानांचा अंक, किंमत पंधरा सेंट. इतरांपेक्षा पाच सेंट जास्त. मोठ्यांच्या छपाईपुढं लहान्याची छपाई महागच पडते. पण आत काय होतं ते बघा. लिहिणारे काळे, चित्रं काढणारे काळे, पात्रं काळी. अमेरिकेच्या कॉमिकच्या इतिहासात हे पहिल्यांदाच घडत होतं. जॉन टेरेलनं एस हार्लेम हा गुप्तहेर काढला. एव्हन्सचा भाऊ जॉर्ज यानं 'लायन मॅन' काढला. हा लायन मॅन दिसायला जंगलातल्या वीरासारखा, पण आहे शिकलेला शास्त्रज्ञ. संयुक्त राष्ट्रांनी त्याला आफ्रिकेत गोल्ड कोस्टला पाठवलंय, तिथल्या डोंगरात युरेनियम आहे, ते चोरांच्या हाती पडू नये म्हणून. आतापर्यंत आफ्रिकेच्या जंगलात गोरा टारझन राजा होता आणि काळे त्याचे हमाल. एव्हन्स बंधूंनी एका फटक्यात तो पाट उलटा केला.

आणि आणखी एक गोष्ट ध्यानात घ्या. एस हार्लेमच्या कथेतले गुंडही काळेच होते. आपली माणसं सगळी साधुसंत दाखवायचा मोह एव्हन्सनं टाळला. चांगला काळा, वाईट काळा, हुशार काळी, खोडकर काळं पोर. म्हणजे सरळ माणसं. माणूस म्हणून दाखवायचं तर सगळं दाखवावं लागतं.

'टाइम' साप्ताहिकानं जुलै १९४७ ला या अंकाची दखल घेतली. म्हणजे गोऱ्यांनाही कळलं होतं की काहीतरी झालंय. दुसऱ्या अंकाची तयारी झाली. चित्रं तयार. आणि एव्हन्स कागद घ्यायला गेला, तर कागदवाला म्हणतो, नाही. दुसऱ्याकडं गेला, तोही नाही. ज्याच्याकडून पहिल्या अंकाचं न्यूजप्रिंट घेतलं त्यानंही हात वर केले. महायुद्ध संपून दोन वर्षं होत आली होती, कागदाची तंगी होती हे खरं. पण तंगी सगळ्यांना सारखी नसते. 

कुणी अडवलं? कुणी कागदोपत्री सही करून असा हुकूम काढत नसतो. अभ्यासकांचा संशय असा, की काळ्या वाचकाच्या खिशातही नाणं आहे हे बड्या गोऱ्या प्रकाशकांच्या ध्यानात आलं होतं आणि त्यांनी या लहान्याचा पुरवठा तोडायला लावला. संशय आहे, पुरावा नव्हे. पण पुढचा क्रम पाहा. त्याच काळात पेरेंट्स मॅगझिनवाल्यांनी 'नीग्रो हीरोज' काढलं. १९५० साली फॉसेटनं 'नीग्रो रोमान्स' काढलं. हो, तेच फॉसेट, स्टीमबोटवालं! त्याची काही चित्रं आल्विन हॉलिंग्जवर्थ या काळ्या चित्रकारानंच काढली. माणूस गुणी होता, त्याच्यावर राग नाही. पण मालकी गोऱ्याची, गल्ला गोऱ्याचा, आणि बंद करायचं बटणही गोऱ्याच्या हातात. तीन अंकांत त्यांनी ते दाबलं. एव्हन्स मात्र परत पेपरात नोकरीला गेला. १९७१ साली वारला. त्याच्या कॉमिकचा दुसरा अंक कधीच निघाला नाही.

मग काळ्यांचं चित्र संपलं का? नाही. त्याच काळात जॅकी ऑर्म्स नावाची एक बाई चित्रं काढत होती. अमेरिकेतली पहिली काळी व्यंगचित्रकार स्त्री म्हणून तिचं नाव घेतात. १९३७ ला तिची 'टॉर्ची ब्राउन' आली. दक्षिणेतल्या खेड्यातून हार्लेमला निघालेली पोरगी. १९४५ ते १९५६ अशी तब्बल अकरा वर्षं तिची 'पॅटी-जो आणि जिंजर' चालली. त्यातली चिमुरडी पॅटी-जो वर्णभेदावर, सरकारी धोरणावर असं काही बोलायची की मोठ्यांची दातखीळ बसावी. पोलिसी खात्यानं, म्हणजे एफबीआयनं, ऑर्म्सबाईंवर फाईल उघडली. एवढं होऊन चित्र थांबलं नाही. का? कारण ती ज्यात छापून यायची तो 'पिट्सबर्ग कुरिअर' काळ्यांच्या मालकीचा पेपर होता. कागद त्यांचा, यंत्र त्यांचं, घरोघर अंक टाकणारी पोरं त्यांची. एव्हन्सकडं कला कमी नव्हती, धाडस तर ऑर्म्सबाईंइतकंच होतं. त्याच्या पाठीशी हा डोलारा नव्हता, एवढाच फरक. पण हाच फरक एकाला एका अंकात संपवतो आणि दुसरीला अकरा वर्षं जगवतो.

आता तिसरं उदाहरण घेऊ. १९५५ च्या डिसेंबरात मॉन्टगोमेरी गावच्या काळ्यांनी बसवर बहिष्कार घातला. ३८१ दिवस पायी चालले, पण बसमध्ये मागं बसायला गेले नाहीत. १९५७ च्या अखेरीला या लढ्यावर सोळा पानांचं कॉमिक निघालं, 'मार्टिन ल्यूथर किंग आणि मॉन्टगोमेरीची गोष्ट'. काढणारी 'फेलोशिप ऑफ रिकन्सिलिएशन' ही शांततावादी संघटना. आल्फ्रेड हॅसलर आणि बेंटन रेझनिक यांनी लिहिलं, आणि किंग यांनी स्वतः मसुदा तपासला. चित्रकाराचं नाव अंकावर नव्हतं, पुढं कित्येक दशकं ते कुणाला ठाऊकही नव्हतं. किंमत दहा सेंट. आणि प्रती? अडीच लाख!

अडीच लाख प्रती कुठल्या दुकानातून गेल्या? चर्चमधून, शाळांमधून, सभांमधून, कार्यकर्त्यांच्या पिशव्यांतून. बाजारातल्या वितरकाच्या पाया पडायची गरजच ठेवली नाही. शिवाय शेवटच्या पानांवर नुसता जयजयकार नव्हता. लढा कसा करायचा, अंगावर आलेल्या माणसापुढं कसं उभं राहायचं, याची रीत पायरीपायरीनं दिली होती. वाचून ठेवून द्यायचं पुस्तक नव्हे, हातात घेऊन कामाला लागायचं पुस्तक. म्हणून ते टिकलं. स्पॅनिशमध्ये गेलं, २००८ साली अरबीतही गेलं.

अलाबामातला एक पोरगा, जॉन लुईस, १९५६ साली सार्वजनिक वाचनालयात गेला तर त्याला सांगितलं, हे गोऱ्यांसाठी आहे. पाणवठ्यावरून हाकललेल्या आपल्या पोरांना हे वेगळं सांगायला नको. हाच लुईस पुढं चळवळीचा नेता झाला, खासदार झाला. त्याच्या कचेरीत काम करणाऱ्या अँड्र्यू आयडिननं त्या जुन्या मॉन्टगोमेरी कॉमिकवर प्रबंध लिहिला आणि दोघांनी मिळून, नेट पॉवेल या चित्रकाराला घेऊन, 'मार्च' ही तीन भागांची चित्रकादंबरी केली. पहिला भाग २०१३ साली टॉप शेल्फ या लहान प्रकाशनानं काढला. २०१६ ला तिसऱ्या भागाला अमेरिकेचा नॅशनल बुक अवॉर्ड मिळाला. वाचनालयातून हाकललेल्या पोराचं पुस्तक त्याच देशाच्या वाचनालयांत मानानं गेलं. मध्ये साठ वर्षं गेली, एवढंच!

मित्रांनो, हे सगळं तिकडचं म्हणून सोडू नका. जोतीरावांनी १८७३ ला 'गुलामगिरी' लिहिली ती गुलामांना मोकळं करणाऱ्या अमेरिकेच्या लोकांना अर्पण केली. बाबासाहेबांनी जुलै १९४६ ला ड्यूबॉइस यांना पत्र लिहून काळ्यांनी संयुक्त राष्ट्रांपुढं मांडलेल्या कैफियतीची प्रत मागितली. एव्हन्सचा अंक निघायच्या जेमतेम वर्षभर आधीची ही गोष्ट. दोन्हीकडच्या दुखण्याची सोयरीक जुनी आहे.

आपल्याकडं काय झालं? 'अमर चित्र कथा' १९६७ ला सुरू झाली. देव, ऋषी, राजे यांची रांग लागली. शंभरावर अंक निघून गेले, तेव्हा १९७९ साली बाबासाहेबांवरचा अंक आला. पाणवठ्यावरची तीच जुनी रांग, आपला नंबर शेवटी. पुढं २०११ साली दिल्लीच्या नवयान या लहान प्रकाशनानं 'भीमायन' काढलं. दुर्गाबाई आणि सुभाष व्याम या परधान गोंड जोडप्याची चित्रं, श्रीविद्या नटराजन आणि एस. आनंद यांची संहिता. पाणी, निवारा, प्रवास असे तीन भाग. चित्रं पाहिली की कळतं, हे परक्या साच्यातलं नव्हे. माणसांना चौकटीत कोंडायचं नाही असं व्यामांनी ठरवलं, म्हणून पानावर खोकी नाहीत. विषारी बोलणाऱ्याच्या तोंडून निघालेल्या फुग्याला विंचवाची नांगी, गोड बोलणाऱ्याच्या फुग्याला पाखराचा आकार. अमेरिकेचं कॉमिक न गिरवता, भिंतीवरच्या आपल्या चित्रातून त्यांनी स्वतःचं व्याकरण उभं केलं. त्याच साली 'गुलामगिरी'वरही चित्रकादंबरी निघाली, नवयानकडूनच. इंग्रजीत. जोतीरावांची मराठी गोष्ट इंग्रजी चित्रांत आली, याचा आनंद मानायचा आणि विचारायचं, ती मराठीत वस्तीवरच्या पोराच्या हातात कोण देणार? तिची किंमत त्याच्या बापाच्या रोजात बसणार का?

हिशेब काढायचा म्हटलं होतं, तो असा. चित्र काढणारा हात आपल्याकडं आहे. जयंतीच्या फलकावर, विहाराच्या भिंतीवर तो दरवर्षी दिसतो. पण हात असून भागत नाही हे एव्हन्सनं दाखवलं. स्वतःचं छापायचं साधन पाहिजे हे ऑर्म्सबाईंच्या पेपरनं दाखवलं. आणि साधनाइतकंच वाटप पाहिजे, ते चळवळीच्या पायांनीच होतं, हे मॉन्टगोमेरीच्या सोळा पानांनी दाखवलं.

सोळा पानं काही फार नाहीत. चार कागद दोन्ही बाजूंनी छापून मधून दुमडले की सोळा पानं होतात. महाडच्या तळ्याची गोष्ट सोळा पानांत बसते. गावातल्या रस्त्याच्या, गायरानाच्या लढ्याची गोष्टही बसते, आणि शेवटच्या दोन पानांवर अर्ज कसा करायचा, कुणाला भेटायचं, हेही बसतं. भिंती रंगवणाऱ्या पोराला गाठा. ज्याच्या दुकानात झेरॉक्स मशीन आहे असा आपला माणूस हेरा. चौदा एप्रिलच्या गर्दीत कुठल्या कोपऱ्यावर कोण उभं राहणार ते आधी ठरवा. आणि पहिला अंक हातात यायच्या आत दुसऱ्या अंकाचा कागद घरात आणून ठेवा.