वेढ्यातलं बर्लिन

24 जून 1948, सकाळ : नॉयकोल्न

तुम्ही दिव्याचं बटण दाबता, दिवा लागत नाही. सोव्हिएत विभागातल्या वीजकेंद्रांनी रात्रीच पश्चिम बर्लिनची वीज तोडली आहे. स्वयंपाकघरात घरमालकीणबाई काड्यापेटी शोधताहेत. बाई पन्नाशीच्या. त्यांचा नवरा पूर्व आघाडीवरून परत आला नाही, घराचा वरचा मजला बॉम्बनं नेला. तुम्हाला भाड्यानं दिलेल्या खोलीची एक भिंत अजून फळ्या ठोकून उभी आहे.

"रेल्वे बंद केलीय," त्या सांगतात. "रस्ते बंद, कालवेही बंद. तांत्रिक अडचण म्हणे."

तुम्ही पावाच्या रांगेत जाऊन उभे राहता. पुढच्या माणसाच्या हातात दोन तऱ्हेच्या नोटा आहेत. एक जुनी राइशमार्क, तिच्यावर पूर्वेच्या अधिकाऱ्यांनी डकवलेलं तिकीट. दुसरी कोरी करकरीत जर्मन मार्क, तिच्यावर 'बी' हे अक्षर उठवलेलं. एकाच शहरात दोन चलनं आली आहेत आणि भांडणाची ठिणगी तिथेच पडली आहे. युद्धानंतर अमेरिका, ब्रिटन, फ्रान्स आणि सोव्हिएत संघ यांनी जर्मनी चार भागांत वाटून घेतली, तसंच बर्लिनही चार भागांत वाटून घेतलं. पण हे शहर सोव्हिएत क्षेत्राच्या पोटात आहे, पश्चिमेच्या हद्दीपासून दीडशेहून अधिक किलोमीटर आत. पश्चिमेच्या तिन्ही सत्तांनी आपल्या क्षेत्रांत नवं चलन आणलं, वेगळं जर्मन राज्य उभारायची तयारी चालवली. मॉस्कोला त्यात धोका दिसला. जर्मन आक्रमणात त्यांची दोन कोटींहून अधिक माणसं गेली आहेत, त्यामुळे जर्मनी पुन्हा सबळ होण्याची त्यांची धास्ती खोटी नाही. पण त्या धास्तीचं उत्तर म्हणून त्यांनी वीस लाख सामान्य माणसांचं अन्न आणि कोळसा अडवला आहे, आणि रांगेत उभं राहून तुम्हाला तेच आधी कळतं.

किल्ल्याला वेढा पडला की किल्लेदार पहिल्यांदा अंबारखान्यात जाऊन धान्य मोजतो. इथेही मोजदाद झाली आहे. अन्न सुमारे 36 दिवसांचं, कोळसा सुमारे 45 दिवसांचा.

जुलै-ऑगस्ट 1948 : टेम्पेलहोफचं कुंपण

मुलांच्या मागोमाग तुम्ही ढिगाऱ्यावर चढता. समोर टेम्पेलहोफचा विमानतळ. विमान पाच मजली इमारतींच्या मधून, दफनभूमीवरून इतकं खाली येतं की तुम्ही नकळत मान खाली घालता. ते धावपट्टीवर टेकतं न टेकतं तोच मागच्याचे दिवे दिसू लागतात.

जमिनीवरून शहरात येण्याच्या हक्काचा लेखी करार कुणी केलाच नव्हता. आकाशाचा मात्र झाला होता. नोव्हेंबर 1945मध्ये चारही सत्तांनी तीन हवाई मार्गिका मान्य केल्या, प्रत्येकी सुमारे 32 किलोमीटर रुंद. अमेरिकी लष्करी प्रशासक जनरल लुशियस क्ले यांनी आधी सशस्त्र ताफा रस्त्यानं घुसवायचा प्रस्ताव दिला होता, पण वॉशिंग्टननं तो मानला नाही. त्या ताफ्यावर एक गोळी सुटली असती, तर पुढे काय झालं असतं हे सांगायला बर्लिनच्या भिंतींवरची भोकं पुरेशी आहेत. म्हणून आकाशमार्ग.

शहराला जगवायचं तर रोज किमान 4500 टन माल हवा. सुरुवातीच्या सी-47 विमानात जेमतेम तीन टन मावतात. म्हणून प्रत्येक किलोचा हिशेब होतो. भाजलेल्या पावात एक तृतीयांश पाणी असतं, म्हणून पाव न आणता पीठ आणतात. बटाटे वाळवून, मांस हाडं काढून. दूध भुकटीचं. नुसतं मीठच रोज 38 टन लागतं आणि मिठानं विमानाचा पत्रा गंजतो. त्यावर ब्रिटिशांनी तोड काढली. समुद्रावर उतरणारी संडरलंड विमानं खाऱ्या पाण्याला सरावलेली असतात, ती मीठ घेऊन हाफेल नदीच्या तळ्यांवर उतरतात. आणि कोळसा! लष्करी पोत्यांत भरलेला. एकूण मालाचा दोन तृतीयांश भाग हा काळा भुगाच आहे.

जुलैच्या अखेरीला जनरल विल्यम टनर या हवाई पुरवठ्याची सूत्रं हाती घेतात. 13 ऑगस्टला पावसात नि खाली उतरलेल्या ढगांत विमानांची आकाशात कोंडी होते, एक विमान आपटून पेट घेतं. त्यानंतर टनर नियम बांधून टाकतात. उत्तरेच्या आणि दक्षिणेच्या मार्गिकेनं यायचं, मधल्या मार्गिकेनं परत जायचं. उतरायचा प्रयत्न एकदाच करायचा. चुकला तर माल घेऊन सरळ परत फिरायचं, घिरट्या घालायच्या नाहीत. वैमानिकांनी विमानाजवळून हलायचं नाही, कॉफी आणि खाणं गाडीतून त्यांच्यापर्यंत येतं. दहा टन वाहून नेणारी सी-54 विमानं आल्यावर या शिस्तीचं फळ दिसतं. दर तीन मिनिटांनी एक विमान. पीठ उतरवणारे हमाल बर्लिनकर, आणि पुढे इंजिनं दुरुस्त करायला जुन्या जर्मन हवाईदलातले मिस्त्रीही घेतले जातात. तीन वर्षांपूर्वी हीच माणसं एकमेकांना मारायला निघाली होती.

कुंपणाशी उभ्या असलेल्या मुलांची गोष्ट तुम्ही ऐकता. गेल हॅल्वर्सन नावाचा वैमानिक एकदा त्यांच्याशी बोलायला आला. मुलांनी त्याच्याकडे काही मागितलं नाही. त्यानं खिशातल्या च्युइंगगमच्या दोन कांड्या मोडून वाटल्या, आणि ज्यांना तुकडा मिळाला नाही त्यांनी वेष्टणाचा कागद हुंगला. ते पाहून त्यानं शब्द दिला: उद्या येताना विमानाचे पंख हलवीन, ओळखा. दुसऱ्या दिवशी हातरुमालांच्या छत्र्यांना बांधलेली चॉकलेटं खाली आली. आता मुलं त्याला 'पंख हलवणारा काका' म्हणतात.

पण या आकाशमार्गाचं मोल फक्त चॉकलेटात मोजू नका. 25 जुलैला एक सी-47 फ्रीडेनाउ वस्तीत घरांवर कोसळलं आणि दोघे वैमानिक मेले. तुम्ही तिथे जाता तेव्हा लोकांनी फुलं ठेवलेली असतात. ज्यांच्या घरावर विमान पडलं, त्याच गल्लीनं ती वाहिली आहेत.

9 सप्टेंबर 1948 : राइशटागपुढचं मैदान

संसदेच्या जळक्या सांगाड्यापुढे सुमारे तीन लाख माणसं जमली आहेत. तीन दिवसांपूर्वी कम्युनिस्ट जमावानं पूर्व भागातल्या सभागृहात घुसून नगरसभा उधळली. आता बोलायला एर्न्स्ट रॉयटर उभे राहतात. हे गेल्या वर्षी महापौरपदी निवडून आले होते, सोव्हिएत नकारामुळे खुर्चीवर बसू शकले नाहीत, त्यांच्या जागी लुईजे श्रोडर यांनी काम सांभाळलं. रॉयटर एकेकाळी स्वतः कम्युनिस्ट होते, पुढे समाजवादी लोकशाहीकडे वळले, नाझींच्या छळछावणीत राहिले, तुर्कस्तानात निर्वासित झाले. ते जगातल्या लोकांना हाक देतात: या शहराकडे पाहा, याला सोडून द्यायचा तुम्हाला अधिकार नाही.

भोवतालचे चेहरे तुम्ही पाहता. तीनचार वर्षांपूर्वी यांतल्या किती जणांनी हिटलरसाठी हात उंचावले असतील, हा प्रश्न तुमच्या मनात येतो आणि तो यायलाच हवा. पण आज ही माणसं कुणा नेत्याच्या पायाशी जमलेली नाहीत. आपलं मत आपण देऊ, एवढं एकच सांगायला ती आली आहेत. सभा संपल्यावर काही तरुण ब्रांडेनबुर्ग दरवाज्यावर चढून लाल झेंडा उतरवतात. गोळीबार होतो. एक शाळकरी मुलगा मरतो.

डिसेंबर 1948 : वीज फक्त चार तास

मध्यरात्र उलटून गेल्यावर घरमालकीणबाई तुमचं दार वाजवतात. "उठा, वीज आलीय!" दिवसातून दोनदा, दोन-दोन तास वीज मिळते, आणि तुमच्या गल्लीची पाळी कधीकधी अपरात्री येते. सगळी इमारत जागी होते. कुणी वाळलेल्या बटाट्याचं पीठ शिजवतं, कुणी इस्त्री फिरवतं. वीज नसताना रियास या रेडिओ केंद्राच्या गाड्या कर्णे लावून गल्लीगल्लीत बातम्या देतात.

तुम्ही बाईंना विचारता, "पूर्वेकडे नाव नोंदवलंत तर तिकडून शिधा मिळतो ना?"

"मिळतो," त्या भांडं ढवळत म्हणतात. "माझी बहीण म्हणाली, जा, नोंदव. मी गेले नाही. आज बटाट्यासाठी सही केली, तर उद्या कशासाठी करायला लावतील?"

सोव्हिएत अधिकाऱ्यांनी पश्चिम बर्लिनकरांना हे आमंत्रण जुलैतच दिलं होतं. पण शंभरातल्या चार-पाच जणांपलीकडे कुणी नावं नोंदवली नाहीत. या वेढ्याचा निकाल मला या आकड्यात दिसतो. विमानं पीठ आणू शकतात, निर्धार आणू शकत नाहीत. लोकांनी गुपचूप पूर्वेची शिधापत्रिका घेतली असती, तर टेम्पेलहोफला उतरणारं प्रत्येक विमान निरर्थक ठरलं असतं.

टेगेलला जाऊन पाहा. फ्रेंच विभागात नवा विमानतळ झाला आहे. ऑगस्टमध्ये काम सुरू झालं, 5 नोव्हेंबरला पहिलं विमान उतरलं. खडी कुठून आणणार? पडलेल्या घरांच्या विटा फोडून पायाला घातल्या. हजारो मजूर तीन पाळ्यांत राबले, त्यांत जवळजवळ निम्म्या बायका, कुणी डोक्याला रुमाल बांधून, कुणी उंच टाचांच्या जुन्या बुटांत, कारण दुसरे बूट नव्हते. धावपट्टीजवळ सोव्हिएत ताब्यातल्या रेडिओ केंद्राचे मनोरे विमानांना अडचण करत होते. फ्रेंच सेनापती गानेव्हाल यांनी 16 डिसेंबरला ते सुरुंगानं उडवले.

5 डिसेंबरला पश्चिम भागात मतदान झालं. थंडीत, अंधारात, अर्धपोटी सुमारे 86 टक्के लोक मतदानाला आले. आता रॉयटर महापौर आहेत. पूर्वेनं मात्र आपली वेगळी पालिका आधीच बसवली आहे. शहर चिरलं गेलं आहे.

12 मे 1949 : रस्ता उघडतो

ईस्टरच्या सुमारास, 15 ते 16 एप्रिलच्या चोवीस तासांत, जवळजवळ 1400 विमानं उतरली. मिनिटाला एक. सगळ्यांत कोळसा, सुमारे 13,000 टन. वेढा घालणाऱ्यांना कळून चुकलं की हे शहर उपाशी मरणार नाही. पश्चिमेनंही आपल्या क्षेत्रातल्या रूर खोऱ्याचा कोळसा आणि पोलाद पूर्वेला देणं थांबवलं होतं, त्याची झळ तिकडे बसत होती.

रात्री बारा वाजून एक मिनिटानं नाके उघडतात. तुमच्या खोलीतला दिवा लागतो आणि लागलेलाच राहतो. सकाळी भाजीचे ट्रक येतात. 322 दिवसांनी.

रस्त्यावरच्या जल्लोषात तुम्ही सामील व्हा, पण आता पुढचंही पाहा. विमानं खबरदारी म्हणून 30 सप्टेंबरपर्यंत येत राहतील. एकूण पावणेतीन लाखांहून अधिक फेऱ्या, वीस लाख टनांहून अधिक माल. या कामी मेलेल्यांत 39 ब्रिटिश आणि 31 अमेरिकी आहेत, शिवाय जर्मन कामगार. एप्रिलमध्ये नाटो करार झाला आहे, महिनाअखेर पश्चिम जर्मनी जन्मेल, ऑक्टोबरमध्ये पूर्व जर्मनी. बारा वर्षांनी याच शहरातून भिंत जाईल. त्याआधी, पुढच्याच वर्षी, कोरियात याच दोन सत्तांची चुरस लाखो माणसांचे बळी घेईल.

मग बर्लिनमध्ये ते का टळलं? दोन्ही बाजूंनी एक रेघ पाळली म्हणून. अमेरिकेनं रणगाडे रस्त्यावर आणले नाहीत. सोव्हिएत लढाऊ विमानांनी जवळून घोंगावून भीती घातली, प्रकाशझोत टाकून डोळे दिपवले, पण मार्गिकेतलं मालवाहू विमान पाडलं नाही. तीन वर्षांपूर्वीच्या हवाई मार्गिकांच्या करारानं एवढी लाज राखली. आणि त्या रेघेच्या आत जी जागा उरली, ती सामान्य माणसांनी आपल्या सोसण्यानं भरून काढली.

इतिहासात ट्रुमन आणि स्टालिन यांची नावं मोठ्या अक्षरांत लिहिली जातात. तुम्ही बर्लिनला जाऊन आलात, तेव्हा त्यांच्याबरोबर अपरात्री उठून बटाट्याचं पीठ शिजवणाऱ्या, पूर्वेच्या शिध्यावर सही न करणाऱ्या बायकांचंही नाव घ्या. महासत्तांची लढत त्यांच्या घरात येऊन ठेपली होती आणि काय सोसायचं, कशापुढे मान तुकवायची नाही, हे त्यांनी स्वतः ठरवलं. कुठल्याही वेढ्याची गोष्ट सांगताना सुरुवात त्यांच्यापासून व्हायला हवी.