नव्या शाळेची पहिली बॅच आणि इंग्लंडच्या युनिव्हर्सिटीचा अर्ज

रत्नागिरी-रायगडकडची कितीतरी कुटुंबं आज इंग्लंडमध्ये राहतात. तिथलं मूल युनिव्हर्सिटीसाठी अर्ज करतं तेव्हा गावाकडून मामू-चाचाचा फोन जातो, "मार्क किती पडले?" मार्क अजून पडलेलेच नसतात. आपल्याकडे बारावीचा निकाल आधी आणि प्रवेश नंतर. तिथे अर्ज जातो हिवाळ्यात, ए लेव्हलच्या परीक्षा मे-जूनमध्ये आणि निकाल ऑगस्टमध्ये. सीट मिळते ती अटीवर, म्हणजे अमुक ग्रेड आली तर.

मग प्रवेश देणारे प्राध्यापक, ज्यांना तिथे अ‍ॅडमिशन ट्यूटर म्हणतात, ते निर्णय कशावर घेतात? मुलाचे जीसीएसईचे, म्हणजे साधारण आपल्या दहावीचे निकाल, त्याने स्वतःबद्दल लिहिलेला मजकूर, शिक्षकांनी वर्तवलेल्या ग्रेड आणि शाळेने लिहिलेला रेफरन्स यांवर. काही कोर्सना वेगळी परीक्षा आणि मुलाखतही असते. पण यातल्या दोन गोष्टी शाळेच्याच हातात आहेत. शाळा जुनी असेल तर ट्यूटरला तिचा अंदाज असतो. शाळा नवी असेल आणि मूल पहिल्याच बॅचचं असेल, तर समोर कोरी पाटी. हा लेख त्या कोऱ्या पाटीबद्दल आहे.

नव्या शाळा आल्या कुठून? २०१० च्या अ‍ॅकॅडमीज कायद्यानंतर पालकांना, शिक्षकांना, सामाजिक संस्थांना सरकारी पैशावर शाळा काढता येऊ लागली. यांना फ्री स्कूल म्हणतात. पहिल्या २४ शाळा सप्टेंबर २०११ मध्ये उघडल्या. ब्लॅकबर्नची तौहीदुल इस्लाम बॉइज हायस्कूल २०१२ ची. अशी शाळा बहुतेकदा सातवीच्या एका वर्गापासून वाढत जाते. २०१८ मध्ये सातवी सुरू झाली असेल तर सिक्स्थ फॉर्म, म्हणजे आपल्या अकरावी-बारावीचे वर्ग, २०२३ मध्ये उघडणार आणि ए लेव्हलचा पहिला निकाल थेट ऑगस्ट २०२५ मध्ये लागणार. त्या बॅचची मुलं २०२४ च्या हिवाळ्यात अर्ज करत होती तेव्हा शाळेच्या नावावर ए लेव्हलचा एकही निकाल नव्हता.

याचा तोटा काय होतो ते नीट समजून घ्या. अनेक युनिव्हर्सिटी मुलाची पार्श्वभूमी पाहतात: वस्ती, फ्री स्कूल मील, आणि शाळेचे आधीचे निकाल. कमकुवत निकालांच्या शाळेतलं मूल चांगलं चमकलं तर त्याची दखल घेतली जाते. पण आधीचे निकालच नसतील तर त्या आधारावरची खूण उमटणार कुठून? म्हणून जे आकडा सांगू शकत नाही, ते शाळेने शब्दांत सांगावं लागतं.

त्यासाठी जागा आहे. अर्ज यूकॅस या मध्यवर्ती संस्थेमार्फत जातो. २०२४ च्या प्रवेशापासून तिथल्या रेफरन्सचे तीन भाग झाले. पहिला शाळेबद्दल, सगळ्या मुलांना सारखाच. दुसरा त्या मुलावर ओढवलेल्या अडचणींबद्दल: आजारपण, घरातला मृत्यू वगैरे. तिसरा त्याच्याबद्दलची इतर उपयोगी माहिती. तिन्ही मिळून ४,००० अक्षरं. म्हणजे शाळेने पहिल्या भागात स्वतःचीच तारीफ पानभर केली, तर तुमच्या मुलाच्या वाट्याची जागा कमी होते. हा मोह नव्या शाळांना होतो. आमच्या मते तारीफ तिथे काही कामाची नाही.

कामाचं काय, तर साध्या गोष्टी. सिक्स्थ फॉर्म कधी उघडला, ही पहिलीच बॅच आहे, वर्गात मुलं किती. फ्री स्कूल मील घेणाऱ्यांचं प्रमाण किती. इमारत तात्पुरती होती का. एखाद्या विषयाला काही महिने कायम शिक्षक नव्हता का. असं सगळ्या वर्गाचं झालं असेल तर ते याच भागात येतं. आणि सगळ्यात महत्त्वाचं, कोणते विषय शिकवलेच जात नाहीत. छोट्या शाळेला फर्दर मॅथ्सचा वर्ग परवडत नाही. इंजिनीअरिंगला अर्ज करणाऱ्या मुलीने तो विषय घेतला नाही असं ट्यूटरला दिसतं. घेता आलाच नाही, हे एका वाक्यात लिहिल्याशिवाय त्याला कळणार कसं? चार ऐवजी तीनच विषय घेऊ देण्याचा नियम असेल तर तोही लिहावा.

दुसरा नाजूक मुद्दा वर्तवलेल्या ग्रेडचा. जुन्या शाळेतल्या शिक्षकाला माहीत असतं की आपण दिलेली ए शेवटी किती वेळा खरी ठरते. नव्या शाळेकडे हा अनुभव नाही. म्हणून ग्रेड कशावरून ठरवली हे सांगणं चांगलं: परीक्षा मंडळाच्या जुन्या पेपरांवर अंतर्गत परीक्षा घेतली, पेपर दुसऱ्या मुरलेल्या शाळेच्या शिक्षकांकडून पडताळून घेतले, वगैरे. काही पालक ग्रेड वाढवून द्या म्हणून शाळेत भांडतात. आम्हाला हे पटत नाही. फुगवलेल्या ग्रेडवर मोठी ऑफर येते आणि ऑगस्टमध्ये ती हातची जाते.

रेफरन्स शाळा लिहिते, पालक नाही. पण विचारायला कुणी मना केलेलं नाही. सिक्स्थ फॉर्मच्या प्रमुखांना भेटा, पहिल्या भागात काय जाणार ते विचारा. घरात काही घडलं असेल तर तेही सांगा. आपल्याकडे घरची गोष्ट बाहेर काढायला संकोच वाटतो, पण मुलाने मान्यता दिली तर दुसरा भाग त्यासाठीच आहे. मुलाने मात्र आपल्या मजकुरात शाळेची रडकथा लिहू नये. २०२६ च्या प्रवेशापासून त्यात तीन ठराविक प्रश्न आहेत आणि तिथे विषयाबद्दलच बोललेलं बरं.

ऑक्सफर्ड, केंब्रिज, मेडिसिन, डेंटिस्ट्री यांची मुदत १५ ऑक्टोबर, बाकी बहुतेक कोर्सची जानेवारीत. शाळा आपली आतली तारीख त्याआधीच ठेवते. सप्टेंबरमध्ये शिक्षक घाईत असतात. म्हणून ही भेट जुलैमध्ये, उन्हाळ्याच्या सुट्टीआधी घ्या.