वीस इंच

बाथरूमवर लिहितोय म्हटल्यावर घरातले काही जण नाक मुरडणार, हे माहीत आहे. (आत्या, तू वाचत असशील तर पूर्ण वाच. तुझ्याच भावाची गोष्ट आहे.)

बाबांना लकवा झाला आणि डावी बाजू गेली. ब्रह्मपुरीचं आमचं घर कवेलूचं, संडास मागे सांदवाडीत, मधे एक उंबरठा आणि दोन पायऱ्या. दवाखान्यातून घरी आल्यावर औषधपाण्याबद्दल बाबा काहीच बोलले नाहीत. एवढंच म्हणाले, "मले एकट्यानं जाता आलं पायजे." मुलाने धरून न्यायचं, सुनेने बाहेर थांबायचं, हे त्यांना दुखण्यापेक्षा जड जात होतं. आठवडाभर ते अर्धंच जेवत होते. का, ते आम्हाला उशिरा कळलं.

मग धानाची पोती ठेवायची आतली खोली रिकामी केली. मी सगळं पुस्तकाप्रमाणे करायचं ठरवलं. आपल्याकडच्या बांधकाम नियमांत अपंगांच्या संडासाची मापं असतात, ती सार्वजनिक इमारतींसाठी. किमान 1500 बाय 1750 मिलिमीटर जागा, 900 मिलिमीटर रुंद आणि बाहेर उघडणारं दार, कमोडची बैठक जमिनीपासून 500 मिलिमीटर. मिस्त्रीने कमोडखाली सिमेंटचा चार इंची थर देऊन उंची बरोबर आणली. बाबा बसले, तर पाय अधांतरी! बाबांची उंची पाच फूट दोन इंच. अर्धं अंग आधीच ताब्यात नाही, त्यात पायाखाली जमीन नाही. ते घाबरले आणि पुन्हा सांदवाडीतच नेऊन द्या म्हणू लागले.

हे 500 आलं कुठून, हे मी मग शोधत बसलो. (कामं सोडून असले शोध घ्यायची सवय जुनीच.)

मुळात अशा बाथरूमचा इतिहासच छोटा आहे. पाठीचा कणा दुखावलेली बहुतेक माणसं पूर्वी लघवीच्या संसर्गाने नाहीतर बेडसोअरने दगावत. माणूस जगतच नव्हता, तर बाथरूम कोणासाठी बांधणार? दुसऱ्या महायुद्धात, 1944 साली, इंग्लंडमध्ये स्टोक मँडेव्हिलला डॉ. लुडविग गुटमन यांनी जखमी सैनिकांसाठी विभाग सुरू केला आणि असे रुग्ण जगू लागले. तिकडे अमेरिकेत टिमोथी न्यूजंट यांनी 1948 साली इलिनॉय विद्यापीठात अपंग विद्यार्थ्यांसाठी काम सुरू केलं. त्यांतही युद्धावरून आलेले तरुण होते. न्यूजंट यांच्याच पुढाकाराने 1961 साली अमेरिकेतलं पहिलं मानक छापलं गेलं. त्यात संडासाचं दार 32 इंच रुंद आणि बाहेर उघडणारं, दोन्ही बाजूंना 33 इंचांवर आडवे दांडे, आणि बैठक 20 इंच उंच. वीस इंच म्हणजे 508 मिलिमीटर. आपलं 500 याच घराण्यातलं असणार, असा माझा तर्क.

चाकाच्या खुर्चीची बैठकही साधारण तेवढ्याच उंचीची असते. कमरेखाली संवेदना नाही पण दोन्ही हात दणकट, अशा तरुणाला एका बैठकीवरून दुसरीवर सरकायला ती उंची सोयीची. आपल्याकडे पुण्याजवळ खडकीला 1974 साली सुरू झालेलं पॅराप्लेजिक केंद्रही जखमी जवानांसाठीच. पण लकव्याच्या माणसाचं गणित वेगळं. त्याचा एक हात आणि एक पाय चालतो. तो सरकत नाही, चांगल्या पायावर जोर देऊन उठतो, आणि त्यासाठी तळवा जमिनीवर टेकावा लागतो. पुढे अमेरिकेनेही 1991 च्या नियमांत बैठक 17 ते 19 इंचांवर आणली.

आमच्या जिल्ह्यात तर हे कोणालाही कळावं. मणक्याच्या आजारामुळे वरोऱ्याच्या बाबा आमट्यांना बसता येत नसे, एकतर उभं राहायचं नाहीतर आडवं व्हायचं. 1985 साली निघालेल्या भारत जोडो यात्रेत ते बसगाडीत झोपून फिरले. गाडीने त्यांच्या पाठीचं ऐकलं. आणि मी घरच्याच माणसाच्या पायाचं माप न घेता पुस्तक उघडून बसलो होतो.

दुसरी चूक त्याहून मोठी. भिंत डावीकडे होती म्हणून दांडाही डावीकडेच ठोकला. म्हणजे जो हात उचलत नाही, त्याच्याच बाजूला! हे बाबांनीच दाखवलं, उजव्या हाताने. तेव्हा मलाच हसू आलं, त्यांना नाही.

मिस्त्रीला परत बोलावलं. सिमेंटचा थर फोडला, बैठक सोळा इंचांवर आली. उजवीकडे भिंत नव्हती, म्हणून जमिनीतूनच दीड इंची लोखंडी पाइप उभा केला. बादली स्टुलावर ठेवली, मग हाताशी.

आता बाबा एकटे जातात. आत मग बादलीवर आपटल्याचा आवाज येतो, तोवर आई टीव्हीचा आवाज बारीक करून ठेवते. पडलेच तर दार उघडता यावं म्हणून आतली कडी आम्ही काढून टाकली आहे. ती परत बसवा, असा बाबांचा हट्ट आहे. त्यावर अजून बोलणी चालू आहेत.