परक्या धातूची साक्ष

वाचकहो, सातारा-सांगलीकडची आपली मंडळी या ना त्या कामाने कोल्हापूरला वरचेवर जातात. परंतु तेथील टाऊन हॉलमधील वस्तुसंग्रहालयाची पायरी चढणारे थोडेच. तेथे ब्राँझची एक लहानशी मूर्ती आहे. ती आहे पोसायडन या ग्रीक समुद्रदेवतेची. सह्याद्रीच्या अलीकडे, पंचगंगेच्या काठी हा सागराचा देव आला कसा?

ही मूर्ती कोल्हापूरच्या ब्रह्मपुरी टेकाडात मिळाली. तेथे 1945-46 साली डॉ. ह. धी. सांकळिया व डॉ. मो. गं. दीक्षित यांनी उत्खनन करून सातवाहनकालीन वस्ती उजेडात आणली. ब्रह्मपुरीच्या ब्राँझ वस्तूंमध्ये रोमन बनावटीची भांडी व आरसाही आहे. परंतु त्यांच्यासोबत निघालेल्या बहुतेक वस्तू आपल्याकडच्याच घडणीच्या. हत्तीवर बसलेल्या स्वारांचे सुबक शिल्प हे त्यांतलेच. म्हणून येथे रोमन लोकांची वसाहत होती असे म्हणता येत नाही. माल समुद्रमार्गे कोकणच्या बंदरांत उतरे आणि घाट चढून वर येई. देशावरच्या गावांचे संबंधही दूरवर होते. कऱ्हाडच्या दात्यांची नावे मध्य प्रदेशातील भरहुतच्या स्तूपावर कोरलेली आहेत, ती याचीच खूण.

असाच प्रकार थेट रशियात आढळतो. नीपर नदीकाठी, स्मोलेन्स्कजवळ ग्न्योझ्दोवो येथे नवव्या-दहाव्या शतकांतील मृतांवर रचलेले मातीचे असंख्य उंचवटे आहेत. तेथे स्लाव्ह आणि स्कँडिनेव्हियन असे दोन्ही लोक राहत. त्या प्रदेशातील अशा दफनांत चांदीचे दिरहम मिळतात. काहींना भोक पाडून ते गळ्यात घातलेले. समरकंद, ताश्कंदकडील टांकसाळींचे हे नाणे व्होल्गाच्या वाटेने तिकडे गेले. मृत मनुष्य मुसलमान होता असा त्याचा अर्थ नव्हे. पण दिरहमवर कूफी लिपीत गावाचे नाव व हिजरी सन असतो. सन 300 असेल, तर ते दफन इ.स. 912 च्या आधीचे नाही, इतके निश्चित कळते. ज्यांनी स्वतःचा इतिहास लिहून ठेवला नाही, त्यांच्या इतिहासाला अशी परक्या नाण्याने तारीख दिली!

परंतु ही साक्ष केव्हा मिळते? वस्तू कोठे, किती खोल, कशाच्या शेजारी होती हे ठाऊक असेल तेव्हाच. तोच दिरहम सोनाराच्या मुशीत गेला की उरते केवळ तोळा-मासा चांदी.

म्हणून वाचकहो, एक विनंती. कृष्णा-कोयनेकाठच्या शेतात नांगराला किंवा घराच्या पायात जुने भांडे, नाणे, मूर्ती लागली, तर ती घासूनपुसून मोडीत घालू नका. जागा तशीच ठेवा आणि जिल्हाधिकाऱ्यांना कळवा; 1878 च्या निखात निधी कायद्याचाही तोच दंडक आहे. मोडीचे पैसे चार दिवसांत संपतात. गेलेली साक्ष मात्र पुन्हा मिळत नाही.