वाकणारी दुर्बीण

गेल्या वर्षीची गोष्ट. दिवाळी आठवड्यावर आली होती. बांध्यांतले धान पिवळे पडले होते, घरात चकलीच्या भाजणीचा वास दरवळत होता, आणि अशा वेळी आमचे बाबूजी आजारी पडले. दोन-तीन दिवस काळी शौच होत होती. पण सणासुदीत मुलांना कशाला काळजी, म्हणून त्यांनी कुणाला सांगितले नाही. चौथ्या दिवशी विहिरीपाशी चक्कर येऊन बसले तेव्हा उलगडा झाला. भंडाऱ्याच्या डॉक्टरांनी पोट चाचपले, नाडी पाहिली आणि मला बाजूला घेऊन म्हणाले, "गुरुजी, आत कुठे तरी रक्त वाहते आहे. आजच नागपूरला न्या. दुर्बीण टाकून पाहावे लागेल."

बाबूजींनी ते ऐकलेच. खाटेवर पडल्या पडल्या त्यांनी मला विचारले,

"किती लांब असते रे ते?"

"मीटरभर असते जी."

"अन् वाकते का?"

मी गप्प बसलो. पंचवीस वर्षे मुलांना शिकवतो आहे, चार कादंबऱ्या लिहिल्या आहेत. पण या प्रश्नाचे उत्तर मला छातीठोकपणे देता येईना. "वाकत असेल," असे मी पुटपुटलो. बाबूजींचे समाधान झाले नाही. त्यांच्या मनात काय होते ते मला ठाऊक होते. आमच्या झाडीपट्टीत दिवाळीनंतर गावोगाव मंडई भरते. मी सात-आठ वर्षांचा असताना अशाच एका मंडईत त्यांनी मला खांद्यावर घेऊन तलवार गिळणारा खेळकरी दाखवला होता. त्याने मान मागे टाकली, नजर आभाळाला लावली आणि हातभर पाते मुठीपर्यंत घशात सोडले. बाबूजी म्हणाले, "माझी मान आता तशी सरळ होत नाही. मी काही येत नाही नागपूरले."

त्या हट्टात दुपारचे दोन तास गेले. आत रक्त वाहत असताना गेलेले ते दोन तास मला अजून बोचतात. पुढे सगळे निभावले, तेव्हा मी ठरवले की या प्रश्नाचे उत्तर नीट शोधून काढायचे. शोधता शोधता ध्यानात आले ते असे, की बाबूजींचा प्रश्न त्यांच्या एकट्याचा नव्हता. माणसाने नळीसारखे सरळ व्हायचे, की नळीने माणसासारखे वळायचे, या एका प्रश्नावर युरोप-अमेरिकेतल्या वैद्यांनी आणि कारागिरांनी दीडशे वर्षे घालवली आहेत.

शरीराच्या आत नळी घालण्याची कल्पना मात्र त्याहून कितीतरी जुनी. सुश्रुताने आपल्या संहितेत एकशे एक यंत्रे सांगितली आहेत; त्यांतली वीस नाडीयंत्रे, म्हणजे नळ्या. आतला रोग पाहण्यासाठी, अडकलेले शल्य काढण्यासाठी, चोखून घेण्यासाठी त्या वापरायच्या. घशात लाखेचा तुकडा अडकला तर काय करावे, हेही त्याने लिहिले आहे. आधी घशात नळी घालावी, तिच्यातून तापवलेली सळई लाखेला टेकवावी, मग गार पाणी ओतून लाख घट्ट झाली की सळईबरोबर ओढून काढावी. नळीमुळे घसा भाजत नाही! आणि हाड आडवे अडकले तर? तिथे सळई चालत नाही. तिथे तो केसांचा गुंडा मजबूत दोऱ्याला बांधून पातळ अन्नाबरोबर गिळायला सांगतो; मग ओकारी काढून दोरा हिसकायचा, म्हणजे हाड केसांत गुंतून बाहेर येते. तळ्यांच्या या जिल्ह्यात माशाचा काटा अडकणे म्हणजे काय, हे कुणाला सांगायला नको. सुश्रुताजवळ सरळ नळी होती आणि वाकणारा दोराही होता. पण नळी वाकत नव्हती, आणि दोऱ्यातून काही दिसत नव्हते. ती दोन एकत्र यायला पुढे फार काळ जावा लागला.

आधुनिक काळात पहिले पाऊल टाकले ते फ्रँकफुर्टच्या फिलिप बोझिनी या तरुण डॉक्टराने, १८०६ साली. कातड्याने मढवलेल्या फुलदाणीसारख्या पेटीत मेणबत्ती, एक आरसा आणि पुढे नळी, एवढेच त्याचे यंत्र. व्हिएन्नाच्या वैद्यमंडळींपैकी काहींनी त्यावर नाके मुरडली. बिचारा १८०९ साली विषमज्वरासारख्या साथीत पस्तिशीतच गेला. १८५३ साली पॅरिसच्या देसोर्मो याने मेणबत्तीच्या जागी मद्यार्क आणि टर्पेंटाइनचा दिवा आणला व 'एंडोस्कोप' हे नावही रूढ केले. आत पाहणारे यंत्र, असा त्याचा अर्थ.

आणि आता आमच्या मंडईतला खेळकरी! १८६८ साली जर्मनीतील फ्रायबुर्ग येथे अडोल्फ कुसमाउल या प्राध्यापकाला जिवंत माणसाच्या जठरात डोकावायचे होते. ताठ नळी घशाच्या वळणावरून खाली जाईना. मग त्याने कुणाला गाठावे? तलवार गिळणाऱ्याला. मान कशी टाकली म्हणजे तोंड आणि अन्ननलिका एका रेषेत येतात, हे त्या खेळकऱ्याला वर्षांच्या सरावाने साधले होते. सत्तेचाळीस सेंटिमीटर लांब आणि तेरा मिलिमीटर जाड नळी त्याने गिळून दाखवली. उजेड अपुरा पडल्यामुळे आतले फारसे दिसले नाही, तो भाग वेगळा. परंतु हे वाचले तेव्हा मी पुस्तक मिटून बराच वेळ बसून राहिलो. खाटेवरच्या माझ्या अडाणी बापाला जी भीती वाटली, ती अगदी बरोबर होती. ती फक्त दीडशे वर्षे जुनी होती.

नंतरची साठ-सत्तर वर्षे रोग्यांचे हालच झाले. १८८१ साली मिकुलिच याने व्हिएन्नात नळीला कायमचा बाक दिला. पण ती वळवलेली नळी होती, वळणारी नव्हे. ताठ नळीने अन्ननलिका किंवा जठर फाटण्याचा धोका नेहमीच असे. १९३२ साली म्युनिकचा रुडोल्फ शिंडलर आणि बर्लिनचा उपकरणे बनवणारा गेओर्ग वोल्फ या दोघांनी मिळून अर्धी नळी वाकती केली. वरचा भाग ताठ, आणि खालचा भाग धातूच्या पट्टीचे वेटोळे करून त्यावर रबर चढवलेला. आत लहान भिंगांची रांगच्या रांग होती. हलक्या बाकातूनही चित्र एका भिंगाकडून दुसऱ्याकडे जाई. तपासणी चालू असताना शिंडलरची बायको गाब्रिएले रोग्याचे डोके दोन्ही हातांत धरून बसे. यंत्रात अजून जो मऊपणा यायचा होता, तो तिच्या हातांनी भरून काढला, असे मला वाटते. शिंडलरला पुढे नाझींनी बंदीवासात टाकले. १९३४ साली त्याने देश सोडून शिकागो गाठले.

खरी अडचण उजेडाची होती. प्रकाश सरळ जातो, आतडे सरळ नाही. काचेच्या केसासारख्या तंतूतून मात्र प्रकाश आतल्या आत आपटत, वळणे घेत जातो. १९३० साली म्युनिकच्याच हाइनरिश लाम या विद्यार्थ्याने अशा तंतूंच्या जुडीतून दिव्याच्या तारेचे चित्र पलीकडे नेऊन दाखवले होते. पण चित्र पुसट होते आणि कुणी मनावर घेतले नाही. १९५४ च्या जानेवारीत लंडनच्या इंपीरियल कॉलेजातील हॅरल्ड हॉपकिन्स आणि त्यांचे विद्यार्थी नरिंदरसिंह कपानी यांनी 'नेचर' या नियतकालिकात हजारो तंतूंच्या जुडीची हकीकत प्रसिद्ध केली. कपानी मूळचे पंजाबातील मोग्याचे. २०२० साली ते वारले आणि २०२१ साली त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण मिळाले.

ती हकीकत वाचून अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठाचे डॉक्टर बेसिल हर्शोविट्झ कामाला लागले. तंतूला तंतू चिकटला की एकातला उजेड दुसऱ्यात पाझरे. लॅरी कर्टिस या विद्यार्थ्याने १९५६ च्या अखेरीस प्रत्येक तंतूवर वेगळ्या काचेचे पातळ आवरण चढवून तो पाझर बंद केला. १९५७ च्या फेब्रुवारीत हर्शोविट्झ यांनी ती नळी प्रथम स्वतः गिळली, तीही घसा बधिर न करता. आणि मग थोड्याच दिवसांत रोग्याला दिली.

इथे गोष्ट संपली, असे वाचकांस वाटेल. मलाही वाटले होते. पण नळी मऊ झाली आणि नवेच संकट उभे राहिले. विहिरीत दोर सोडता येतो, दोराने काही ढकलता येत नाही. त्या पहिल्या मऊ नळीचे टोक डॉक्टरांना हवे तिकडे वळवता येत नव्हते. ताठ नळी माणसाचे ऐकत नव्हती. आता मऊ नळी डॉक्टरांचे ऐकेना!

यावर कारागिरांनी काय तोड काढली, ते मला पुस्तकात वाचून कळले नाही. नागपुरात अशा दुर्बिणी दुरुस्त करणाऱ्या एका गृहस्थाने बाद झालेल्या नळीचा वीतभर तुकडा उभा चिरून, स्वच्छ धुऊन मला दिला. तो मी आमच्या गावच्या बुरूडकाकांपुढे ठेवला. सुपे, टोपल्या आणि धानाच्या ढोल्या विणण्यात त्यांचा जन्म गेला आहे. त्यांनी चष्मा लावला, तुकडा वाकवला, पिळला, दाबला, आणि मग एक एक पदर उलगडून मलाच शिकवू लागले.

सगळ्यांत आत चपट्या पोलादी पट्टीचे वेटोळे. त्यामुळे नळी वाकते, पण दबून चपटी होत नाही. आतल्या तारा आणि तंतू सुखरूप राहतात. मात्र एकच वेटोळे असेल तर एका बाजूला पिळले की आवळते आणि दुसऱ्या बाजूला पिळले की सैल पडते. म्हणून त्यावर उलट दिशेचे दुसरे वेटोळे. त्यावर बारीक तारांची विणलेली जाळी. ती नसेल तर वेटोळे स्प्रिंगसारखे लांबेल. शिवाय डॉक्टरांनी या टोकाला मनगट फिरवले की तेवढाच पीळ त्या टोकाला पोचतो, तो मुख्यतः या जाळीमुळे. सर्वांवर गुळगुळीत प्लॅस्टिकचे कातडे. तेही सगळीकडे सारखे नसते: हाताकडे जरा कणखर, टोकाकडे मऊ, म्हणजे ढकलता येते आणि आत टोचत नाही. अगदी शेवटच्या चार बोटांत वेटोळे नसून लहान लहान कड्या असतात. एक सांधा वर-खाली वळणारा, पुढचा डावी-उजवीकडे वळणारा, आपल्या पाठीच्या कण्यासारख्या. मुठीतल्या दोन चाकांपासून चार तारा तिथवर जातात. तार ओढली की टोक मान वळवते, आणि पुरते मागे वळून स्वतःच आलेल्या वाटेकडे पाहू शकते.

काका म्हणाले, "गुरुजी, आमचंबी असंच जी. कांबी वाकली पायजे, पन हाताचं ऐकली बी पायजे. नुसती मऊ कांबी कामाची नाई."

चाकांनी टोक वळू लागले ते १९६० नंतरच्या दशकात. १९८३ साली अमेरिकेत टोकावरच इवलासा कॅमेरा बसला आणि चित्र नेणारी तंतूंची जुडी मागे पडू लागली. उजेड बदलला, डोळा बदलला. पण वेटोळे, जाळी आणि कातडे यांची ती विणकाम मंडळी आजही तशीच राबत आहेत.

ही नळी एका रोग्यानंतर दुसऱ्याला वापरायची असते. कातड्याला सुईएवढे छिद्र पडले तरी पाणी आत शिरते आणि आधीच्या रोग्याचे जंतू तिथे घर करतात. म्हणून धुण्याआधी नळीत हवा भरून ती पाण्यात बुडवतात आणि बुडबुडे येतात का ते पाहतात. सायकलच्या दुकानात पंक्चर शोधतात, तसेच! एवढ्या मोठ्या शास्त्राची भिस्त शेवटी बुडबुड्यावर आहे हे ऐकून माझे विद्यार्थी फार खूश झाले.

बाबूजींचे काय झाले? शेजारच्या काकूंनी रागे भरून त्यांना गाडीत बसवले. नागपुरात त्यांना डाव्या कुशीवर निजवले, घशात औषध फवारले. मान मागे टाकायला कुणी सांगितले नाही; उलट हनुवटी जरा छातीकडे घ्या म्हणाले. जठराच्या तोंडाशी व्रण होता. त्याच नळीच्या आतल्या बारीक वाटेने सुई घालून डॉक्टरांनी रक्त थांबवले. पोट उघडावे लागले नाही. घटकाभराने बाबूजींनी डोळे उघडले. मी जवळ वाकलो, तेव्हा बसक्या आवाजात ते एवढेच म्हणाले,

"वाकते रे."

आता त्यांची तब्येत छान आहे. यंदा तिखट चकली त्यांना वर्ज्य आहे, म्हणून सुनेने वेगळी, कमी तिखटाची केली आहे. दिवाळीनंतर मंडईला जायचे त्यांनी आतापासून ठरवले आहे. नातवाला खांद्यावर घेता येणार नाही, पण दंडारीला पहिल्या रांगेत बसवीन म्हणतात. तलवारवाला आलाच, तर त्याला दोन गोष्टी आपणही सांगू, असा त्यांचा बेत आहे.