वारली चित्रांतले पाडे आणि लग्नगडी

१/ मानपाड्याच्या नावात ‘पाडा’ उरला आहे; घोडबंदर रस्त्यालगत मात्र टोलेजंग इमारती उभ्या आहेत. तिथल्या दिवाणखान्यांत वारली चित्रे दिसतात आणि ‘किती साधे, निश्चिंत जीवन!’ असे उद्गार सहज निघतात. मित्रहो, याच जुन्या ठाणे जिल्ह्याचा इतिहास वेगळे सांगतो.

२/ डहाणू-उंबरगाव भागात वारली जमीनदार-सावकारांकडे वेठीने राबत. लग्नासाठी कर्ज काढणारा तरुण ‘लग्नगडी’ होई. त्याच्यासोबत बायकोही मालकाकडे राबे आणि ते कर्ज बहुधा जन्मभर फिटत नसे.

३/ २३ मे १९४५ रोजी झरी गावी किसान सभेच्या मेळाव्यात सुमारे ५००० वारल्यांनी वेठ न करण्याचा निर्धार केला. गोदावरी परुळेकर या लढ्याच्या अग्रभागी होत्या. १० ऑक्टोबरला तलवाड्यात पोलिसांच्या गोळीबारात ५ जण मृत्युमुखी पडले.

४/ आपण ज्याला साधेपणा म्हणतो, तो त्यांनी स्वेच्छेने पत्करलेला नव्हता. संघटित होताच त्यांनी मागितली ती रोख मजुरी: ५०० पौंड गवत कापण्याचे अडीच रुपये.