अभिजात मोटारगाडीसाठी बदली बॅटरीची निवड

अभिजात मोटारगाडीची बदली बॅटरी म्हणजे जतन केलेल्या जुन्या मोटारगाडीत मूळ बॅटरी निकामी झाल्यावर बसवली जाणारी नवी बॅटरी होय. आधुनिक गाडीची बॅटरी दुकानदार गाडीचे नाव विचारून काढून देतो. जुन्या गाडीच्या बाबतीत तसे होत नाही. व्होल्टता, भूसंपर्काची दिशा, अग्रांची जागा, खोक्याचे माप आणि चार्जिंगची पद्धत यांपैकी प्रत्येक गोष्ट वेगळी तपासावी लागते. यांतील एक चूक अल्टरनेटर किंवा रेडिओ जाळू शकते आणि काही गाड्यांत आगीलाही कारण ठरते.

पार्श्वभूमी

पुन्हा चार्ज करता येणारी शिसे-आम्ल बॅटरी फ्रेंच शास्त्रज्ञ गास्तों प्लांते यांनी १८५९ मध्ये तयार केली. मोटारगाडीत तिला खरे महत्त्व आले ते १९१२ च्या कॅडिलॅकपासून. चार्ल्स केटरिंग यांनी विकसित केलेला विजेचा सेल्फ स्टार्टर या गाडीत बसवण्यात आला आणि हँडल मारून इंजिन सुरू करण्याची गरज संपली. तेव्हापासून काही सेकंद प्रचंड प्रवाह देणे हे बॅटरीचे मुख्य काम झाले. दिवे आणि हॉर्न चालवणे हे त्यामानाने हलके काम आहे.

शिसे-आम्ल बॅटरीचा प्रत्येक घट सुमारे २.१ व्होल्ट देतो. तीन घटांची बॅटरी ६ व्होल्टची आणि सहा घटांची १२ व्होल्टची म्हणून ओळखली जाते. पूर्ण चार्ज होऊन काही तास विसावलेल्या बॅटरीवर अनुक्रमे ६.३ आणि १२.६ व्होल्ट मिळतात. आम्लाचे विशिष्ट गुरुत्व तेव्हा १.२६ ते १.२८ च्या आसपास असते. उष्ण प्रदेशात ते मुद्दाम काहीसे कमी ठेवण्याची पद्धत आहे.

व्होल्टता

अमेरिकी गाड्या १९५० च्या दशकाच्या मध्यापर्यंत बहुतांशी ६ व्होल्टच्या होत्या. फोक्सवॅगन बीटलमध्ये ही पद्धत १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धापर्यंत टिकली. दुसऱ्या महायुद्धातील विलीज जीपही ६ व्होल्टची होती. ब्रिटिश एमजीबी या गाडीची विद्युत प्रणाली १२ व्होल्टची होती, परंतु १९७० च्या दशकाच्या मध्यापर्यंत तिच्यात आसनांच्या मागे ६ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या एकसरीत जोडलेल्या असत. अशा गाडीत बॅटरीवर ‘६ व्होल्ट’ असे वाचून संपूर्ण गाडी ६ व्होल्टची समजणे ही नेहमीची चूक आहे. अनेक मालक पुढे त्याऐवजी एकच १२ व्होल्टची बॅटरी बसवतात आणि दुसरा कप्पा रिकामा ठेवतात.

६ व्होल्टच्या गाड्या मंद सुरू होतात अशी त्यांची अपकीर्ती आहे. तिचा दोष बऱ्याचदा बॅटरीकडे जातो, तो केबलचा असतो. १ किलोवॉटचा स्टार्टर १२ व्होल्टवर सुमारे ८३ अँपिअर घेतो आणि ६ व्होल्टवर सुमारे १६७ अँपिअर. दुप्पट प्रवाहासाठी तारही तितकी जाड लागते. शिवाय केबलमध्ये अर्धा व्होल्ट वाया गेला, तर १२ व्होल्टच्या गाडीत तो ४ टक्के असतो आणि ६ व्होल्टच्या गाडीत ८ टक्के. जुन्या गाडीत कधीतरी १२ व्होल्टची बारीक केबल बसवलेली असेल, तर नवी महाग बॅटरी घेऊनही सेल्फ तसाच रडत राहतो. म्हणून बॅटरी विकत घेण्यापूर्वी केबल, तिची टोके आणि चासीकडे जाणारी पट्टी घासून-पुसून तपासणे हिताचे.

यावर तोडगा म्हणून काही ठिकाणी ६ व्होल्टच्या गाडीत ८ व्होल्टची बॅटरी बसवली जाते. सेल्फ जोरात फिरतो हे खरे, परंतु ती पूर्ण चार्ज होण्यासाठी रेग्युलेटरची मांडणी बदलावी लागते आणि मग दिव्यांचे बल्ब लवकर जातात. मूळ दोष केबलमध्ये असेल, तर हा उपाय तो केवळ झाकतो.

भूसंपर्काची दिशा

आजच्या गाड्यांत बॅटरीचे ऋण अग्र सांगाड्याला जोडलेले असते. जुन्या गाड्यांपैकी अनेकांत याच्या उलट, धन अग्र सांगाड्याला जोडत. कारागिरांमध्ये ही पद्धत ‘पॉझिटिव्ह अर्थ’ या नावाने ओळखली जाते. मॉरिस मायनर, १९६७ पर्यंतची एमजीबी, तसेच फोर्डच्या ६ व्होल्टच्या अमेरिकी गाड्या ही तिची ठळक उदाहरणे. जनरल मोटर्सच्या त्याच काळातील ६ व्होल्टच्या गाड्यांत मात्र ऋण अग्रच सांगाड्याला जोडलेले असे. त्यामुळे व्होल्टतेवरून भूसंपर्काचा अंदाज बांधता येत नाही.

बॅटरी उलट जोडली गेल्यास अल्टरनेटरमधील डायोड क्षणात जळतात. ट्रान्झिस्टरचा रेडिओ आणि इलेक्ट्रॉनिक इग्निशन यांचेही तेच होते. जुन्या डायनॅमोच्या गाडीला तुलनेने कमी इजा होते, कारण डायनॅमोची ध्रुवता पुन्हा ठरवता येते. मात्र इग्निशन कॉइलच्या तारा त्यानुसार बदलाव्या लागतात, नाहीतर ठिणगी क्षीण पडते. गेल्या पन्नास-साठ वर्षांत कोणा मालकाने गाडीचा भूसंपर्क बदललेला असू शकतो. म्हणून छापील पुस्तिकेपेक्षा प्रत्यक्ष गाडीत कोणत्या अग्राची केबल सांगाड्याला गेली आहे हे पाहणे अधिक विश्वसनीय ठरते.

बॅटरी काढताना सांगाड्याला जोडलेले अग्र आधी सोडवावे आणि बसवताना ते शेवटी जोडावे, असा नियम आहे. पाना चुकून पत्र्याला टेकला तरी शॉर्ट होऊ नये, हा त्यामागील हेतू. ‘आधी ऋण सोडवा’ हे प्रचलित वाक्य ऋण भूसंपर्काच्या गाडीपुरतेच बरोबर आहे. पॉझिटिव्ह अर्थ गाडीत आधी धन अग्र सोडवावे लागते.

माप, अग्रे आणि जागा

बॅटरीची क्षमता वाचण्यापूर्वी तिची लांबी, रुंदी आणि उंची मोजावी लागते. अमेरिकेत मापांसाठी बीसीआय गट वापरतात. त्यांत ‘गट १’ आणि ‘गट २’ ही ६ व्होल्टची मापे आहेत. जपानी पद्धतीत ‘५५बी२४एल’ यांसारख्या सांकेतिक नावातील ‘बी’ रुंदी-उंचीचा वर्ग, २४ ही सेंटीमीटरमधील लांबी आणि शेवटचे अक्षर अग्रांची मांडणी दाखवते. भारतात मोठ्या प्रमाणावर दिसणाऱ्या या जपानी बॅटऱ्यांपैकी लहान मापांची अग्रे पातळ असतात. धन अग्राचा व्यास सुमारे १४.७ मिलीमीटर भरतो. युरोपीय-अमेरिकी धन अग्र सुमारे १७.५ मिलीमीटरचे असते. जाड अग्रासाठी बनलेला जुना क्लँप पातळ अग्रावर कितीही आवळला तरी सैल राहतो. त्यासाठी शिशाची टोपी मिळते. पत्र्याचा तुकडा खुपसून काम भागवण्याची सवय धोकादायक आहे.

अग्रांची डावी-उजवी बाजू चुकल्यास केबल पुरत नाही आणि ती ताणून जोडण्याचा मोह होतो. उंची चुकल्यास परिणाम अधिक गंभीर असतो. बीटलची बॅटरी मागील आसनाखाली असते. तिच्यावरील आच्छादन नसेल किंवा बॅटरी उंच असेल, तर माणूस बसल्यावर आसनाची स्प्रिंग अग्रांना टेकून आग लागू शकते. प्रवासी कक्षात किंवा डिकीत असलेल्या बॅटरीसाठी वायू बाहेर नेणारी नळीही आवश्यक मानली जाते. चार्जिंगच्या वेळी हायड्रोजन सुटतो आणि हवेत त्याचे प्रमाण ४ टक्क्यांवर गेल्यास ठिणगीने स्फोट होऊ शकतो.

क्षमता

जुन्या पुस्तिकांत क्षमता अँपिअर-तासांत दिलेली आढळते आणि ती बहुधा २० तासांच्या दराने मोजलेली असते. नव्या बॅटरीवर ‘कोल्ड क्रँकिंग’ आकडा असतो. उणे १८ अंश सेल्सिअसला ३० सेकंद किती अँपिअर प्रवाह देता येतो, हे त्यातून कळते. कोकण किंवा विदर्भातील गाडीला या आकड्याचा फारसा उपयोग नाही. तेथे उष्णतेत टिकाऊपणा अधिक मोलाचा. मूळ क्षमतेपेक्षा थोडी मोठी बॅटरी घेतल्याने स्टार्टर बिघडत नाही, कारण तो स्वतःला लागेल तेवढाच प्रवाह घेतो. परंतु पूर्ण उतरलेली मोठी बॅटरी भरताना डायनॅमो दीर्घकाळ कमाल भारावर राहतो. ल्युकासच्या सी४० या प्रचलित डायनॅमोची कमाल क्षमता २२ अँपिअरच आहे, आणि इंजिन मंद फिरत असताना तो जवळजवळ काहीच देत नाही.

प्रकार

पाणी टाकण्याची पारंपरिक बॅटरी जुन्या चार्जिंग प्रणालीशी सर्वाधिक जुळते. यांत्रिक रेग्युलेटरची व्होल्टता थोडी वर-खाली झाली तरी ती सोसते आणि उडालेले पाणी पुन्हा भरता येते. काचतंतूंच्या शोषक गाद्यांमध्ये आम्ल धरून ठेवणारी एजीएम बॅटरी आम्ल सांडत नाही. त्यामुळे रंग आणि पत्रा वाचतो. ज्या गाडीची बॅटरी आसनाखाली आहे तिच्यासाठी हा मोठा लाभ आहे. मात्र अतिचार्जिंगने उडालेले पाणी तिच्यात परत टाकता येत नाही. म्हणून ती बसवण्यापूर्वी चार्जिंगची व्होल्टता मोजणे इष्ट. १२ व्होल्टच्या गाडीत ती साधारण १३.८ ते १४.४ व्होल्ट असावी. लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी वजनाला हलकी असते, पण गोठणबिंदूखाली तिचे चार्जिंग टाळावे लागते आणि बेभरवशाच्या जुन्या रेग्युलेटरशी तिचे जमत नाही.

अस्सलतेचा प्रश्न

फिवा ही १९६६ मध्ये स्थापन झालेली आंतरराष्ट्रीय संघटना किमान ३० वर्षे जुन्या आणि इतिहासाशी सुसंगत स्थितीत जपलेल्या वाहनांना ऐतिहासिक मानते. भारतात २०२१ मध्ये अधिसूचित नियमांनी ५० वर्षांहून जुन्या दुचाकी-चारचाकी वाहनांना ‘व्हीए’ अक्षरांची विंटेज नोंदणी उपलब्ध करून दिली. या नियमांचा रोख चासी, बॉडी आणि इंजिन यांतील बदलांवर आहे.

प्रदर्शनांतील गाड्यांसाठी कडक रबराचे काळे खोके, वरचे डांबर आणि उघड्या शिशाच्या पट्ट्या असलेल्या जुन्या धाटणीच्या बॅटऱ्या पुन्हा तयार केल्या जातात. काही जण अशा पोकळ खोक्यात आधुनिक बॅटरी लपवतात. डोळ्यांना गाडी जुनी दिसते आणि सेल्फही लागतो, त्यामुळे हा मार्ग लोकप्रिय आहे. भारतातील फियाट ११००, पुढे प्रीमियर पद्मिनी, किंवा मॉरिस ऑक्सफर्डवर आधारलेली अँबॅसडर यांच्या मालकांपुढे हा पेच क्वचितच येतो. १२ व्होल्टच्या या गाड्यांना साध्या बाजारातील बॅटरी चालते.

वापर आणि विल्हेवाट

अभिजात गाडीची बॅटरी चालून जितकी झिजते त्याहून अधिक उभी राहून मरते. न वापरता ठेवलेली बॅटरी आपोआप उतरत जाते, आणि तापमान सुमारे १० अंशांनी वाढल्यास हा वेग जवळपास दुप्पट होतो. उतरलेल्या अवस्थेत पट्ट्यांवर लेड सल्फेटचे कठीण स्फटिक जमतात व क्षमता कायमची घटते. महिन्यातून एकदा इंजिन पाच मिनिटे चालवण्याचा सर्वत्र दिसणारा उपाय फारसा कामाचा नाही. डायनॅमोच्या गाडीत तर सेल्फने घेतलेला भारही तेवढ्यात भरून निघत नाही. त्याऐवजी देखभाल चार्जर लावणे किंवा विद्युत मंडल तोडणारा खटका बसवणे अधिक परिणामकारक ठरते. ६ व्होल्टच्या बॅटरीला १२ व्होल्टचा चार्जर लावता येत नाही.

जुनी बॅटरी शिसे आणि गंधकाम्लामुळे घातक कचरा ठरते. भारतात २००१ च्या नियमांची जागा घेणाऱ्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियम, २०२२ नुसार ती घरगुती कचऱ्यापासून वेगळी ठेवून संकलन किंवा पुनर्चक्रीकरण करणाऱ्यांकडे सोपवावी लागते. व्यवहारात बहुतेक विक्रेते नव्या बॅटरीच्या किमतीत सूट देऊन जुनी परत घेतात.